नळीतलं गोडं पाणी

कुणाला वाटेल, म्हातारा पस्तावला आणि लिहायला बसला. तसं वाटत असेल तर पुढं वाचू नका. मी लिहितोय, कारण गावात ही गोष्ट चार जण चार तऱ्हेनं सांगतात आणि चौघंही मला वेडा ठरवतात. मी वेडा नव्हतो. जे केलं ते शुद्धीवर केलं, सकाळचा चहा पिऊन केलं. शाळा माझी चौथीपर्यंत, म्हणून अक्षर वाकडं आहे. सांगणं सरळ आहे.

आमचं रान इस्लामपूरहून आष्ट्याला जाणाऱ्या रस्त्यापासून आत, ओढ्याच्या अंगाला. वडिलांच्या माघारी दोन वाटण्या झाल्या. वरची माझी, खालची धाकट्या भावाची, त्याच्या खाली ओढा. मध्ये दगडांचा बांध. तो बांध आम्ही दोघांनी पोरपणी रचलेला. वडील काठी घेऊन उभे राहायचे आणि आम्ही रानातले दगड वेचून त्यावर नेऊन ठेवायचो. पुढं धाकटा पलटणीत गेला, हवालदार होऊन पेन्शनवर आला आणि आल्या आल्या दोरी घेऊन त्यानं तोच बांध मोजला. म्हणाला, दादानं दोन सऱ्या माझ्यात सरकवलाय. सरकवला होता की नव्हता, ते मी इथं लिहिणार नाही. पण त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

बंद म्हणजे तोंडासमोर बंद. रानाला रान लागून, मग काही ना काही बोलावंच लागतं. मी माझ्या म्हशीला बोलायचो, तो त्याच्या कुत्र्याला. आमच्याकडं अबोला धरलेली माणसं असंच करतात, त्यात नवल नाही.

"खा गं बाई, खा," मी म्हणायचो. "तुला काय सरकार पेन्शन देणार हाय? तुला राबावंच लागंल."

लगेच बांधापलीकडनं आवाज यायचा, "भुकू नगंस रं कुत्र्या. काही जनावरं रातीत बांध सरकवत्यात. आपुन फकस्त पहारा करायचा."

अशी आमची सात-आठ वर्षं गेली, आणि बरी गेली.

आता रानाचं सांगतो. आमच्या पट्ट्यात जमिनीला मीठ फुटतं. नदीवरनं पाणी उचलून आणलं, ऊस लावला, पाट भरभरून सोडले. ते पाणी मुरलं, तळाला साठलं आणि पोटातलं मीठ घेऊन वर आलं. हे मी आज शहाण्यासारखं लिहितोय, कारण ते मला दहा वेळा ऐकवलंय. तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की उन्हाळ्यात बांधालगतची माती पांढरी पडते, पायाखाली पापडासारखी मोडते आणि तिथला ऊस गुडघ्याच्या वर जात नाही. कारखान्यानं एकदा याच रानातल्या उसाला पहिला नंबर दिला होता. भर सभेत माझ्या गळ्यात हार घातला होता. त्या रानाला मीठ फुटलं, हे मी कुणाच्या तोंडावर सांगू? मी त्यावर पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पसरला. कुणी विचारलं, ऊस का बसला, तर सांगायचो, "हुमणीनं खाल्ला." हुमणीची अळी मुळ्या कुरतडते, त्यात मालकाची अब्रू जात नाही.

आणि नेमकी तेव्हा ती बाई आली.

बाई म्हणजे पोरगीच. पंचविशीची असेल. पायात बूट, डोक्याला टोपी, हातात वही. कुठल्याशा संशोधन संस्थेतनं आलेली. मागनं दोन गडी गिरमिट आणि पांढऱ्या नळ्या घेऊन. रामराम नाही, काही नाही, सरळ माझ्या बांधावर.

"आजोबा, तुमच्या शेतात एक नळी बसवायची आहे. पुरुषभर खोल जाईल. पिकाला काही होणार नाही."

"कशापायी?"

"जमिनीखाली पाणी किती खोलीवर आहे आणि किती खारट आहे, ते दर सोमवारी मोजायचंय."

"माझ्या रानाखालचं पाणी माझं हाय. तुला काय करायचंय त्याचं?"

"पाण्याचा सातबारा नसतो, आजोबा."

हे असं बोलणारी. मी विचारलं, "कुठल्या गावची गं तू?"

"सांगलीची."

"शेती केलीयास कवा?"

"आजोबांची होती, मिरजेकडं. तिलाही मीठ फुटलं. शेवटी माती वीटभट्टीला गेली. आता तिथं खड्डा आहे."

"मग तुझ्या आज्याला शेती येत नसंल."

ती वहीत बघत राहिली. माझं मला बरं वाटलं.

नळीला मी नाही म्हणणार होतो. पण वरच्या अंगाच्या सगळ्यांनी हो म्हटलं होतं, आणि खाली धाकट्यानं तर गड्यांना चहा पाजून नळी बसवून घेतली होती. मी एकटा नाही म्हणालो असतो तर गाव म्हणालं असतं, म्हाताऱ्याच्या रानात काहीतरी झाकायचं आहे. म्हणून हो म्हटलं. माझ्या पाचटातच, बांधापासून चार पावलांवर, त्यांनी नळी पुरली. वर टोपण घातलं. जाता जाता ती म्हणाली, "सगळी मोजमापं झाली की एक नकाशा करणार. चांगलं शेत हिरवं, बिघडलेलं लाल. ग्रामपंचायतीत लावणार, म्हणजे सगळ्यांना बघता येईल."

सगळ्यांना. त्या एका शब्दानं माझं डोकं फिरलं.

माझ्याकडं जुन्या इंजिनाचा एक हातपंप पडून होता, पिंपातनं डिझेल काढायचा, लांब रबरी नळीचा. बाई सोमवारी दहाच्या सुमारास यायची. मी त्या दिवशी उजाडल्याबरोबर रानात जायचो, रबरी नळी आत सोडायचो आणि आतलं खारं पाणी उपसून टाकायचो. मग नदीचं दोन तांबे पाणी आत ओतायचो. आमची माती चिकट, पाणी परत नळीत झिरपायला दिवस-दीड दिवस घेते. तोवर बाई येऊन मोजून गेलेली असायची. पाणी खोल, आणि गोडं.

माझी बायको एकदा भाकरी घेऊन लवकर आली आणि बघत उभी राहिली. म्हणाली, "आवं, दवाखान्यात पेशंटच्या नाकात नळी घालत्यात तसं काय चाललंय ह्ये?"

"तुला काय करायचंय?"

"मला काय करायचंय? पेशंट मरायला टेकलाय, आन् तुमी त्याच्या तोंडाला पावडर लावताय."

त्यानंतर ती सोमवारी लवकर यायची बंद झाली.

बाईची तऱ्हा अशी. टेपला एक पोकळ वजन बांधलेलं, ते नळीत सोडायचं. पाण्याला टेकलं की आतनं 'टप' असा आवाज येतो. तो आवाज ऐकून ती आकडा वाचायची. मग पाणी काढून त्यात पेनासारखं एक यंत्र बुडवायची. पहिल्या वेळी तिनं यंत्र दोनदा पुसलं, दोनदा बुडवलं. मग पाणी नाकाजवळ नेलं.

"वास कसला येतोय?"

"ट्रॅक्टर फिरतोय. तेलाचा आसंल."

तिनं तेही लिहिलं. ती सगळं लिहायची. मी खोकलो तरी लिहील असं वाटायचं.

"आजोबा, वरची शेतं खराब, खालचं शेत खराब, आणि तुमचं मधलंच चांगलं. तुम्ही पाणी कसं देता?"

आता मी काय सांगणार? मोटर चालू करून घरी जाऊन झोपतो, असं सांगू? रेडिओवर एकदा कुणी साहेब सांगत होता, एक सरी सोडून एका सरीला पाणी द्या. ऐकून मी हसलो होतो. तेच तिला सांगितलं. "एक सरी आड पानी. तेबी बेतानं. आमच्या वडलांची पद्धत हाय ही."

तिनं दोन पानं लिहिली. तेवढ्यात बांधापलीकडनं धाकट्याचा आवाज आला, "कुत्र्या, ऐकतोयस न्हवं? काल रानात पोहत हुतास, तवा पानी कुणाच्या पाटातनं आलं हुतं रं?"

बाईनं मान वर केली. "हे काका कुणाशी बोलतात?"

"कुत्र्याशी. पलटणीत हुता. डोस्क्यावर परिणाम झालाय."

असं दोन पावसाळे चाललं. एकही सोमवार मी चुकवला नाही. ताप असताना गेलो. सोयऱ्याच्या घरी लग्न होतं, नळी उपसून मग गेलो. एवढी मेहनत मी उसावरही केली नसेल.

मग नकाशा झाला. पंचायतीच्या हॉलमध्ये भिंतीवर लावला आणि सगळ्यांना बोलावलं. वरची रानं लाल, धाकट्याचं लाल, आणि मध्ये माझा तुकडा हिरवागार. मी पुढच्या खुर्चीवर, धुतलेली टोपी घालून. बाई उभी राहून सांगत होती. माझ्याकडं हात करून म्हणाली, "या आजोबांनी पारंपरिक पद्धतीनं जमीन राखली आहे. सगळ्यांनी त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मला लाज वाटली नाही. हार घातला होता त्या दिवसाची आठवण झाली.

मग ती पुढचं बोलली. लाल रानांखालनं भोकांचे पाइप घालून खारं पाणी ओढ्यात काढून द्यायची योजना होती. पण ती लागून असलेल्या सगळ्या खराब रानांची मिळून होते. वरची रानं सलग आहेत, त्यांचा पाइप गाडीवाटेच्या कडेनं जाईल. मध्ये माझं हिरवं आल्यामुळं धाकट्याचं रान एकटं पडतं. एकट्या तुकड्याला योजना बसत नाही. "आणि काका," ती धाकट्याला म्हणाली, "वरचं शेत चांगलं आहे म्हणजे मीठ वरून येत नाही. तुमच्याकडूनच पाणी जास्त होत असणार. ते आधी कमी करा."

धाकटा ताडकन उठला. कुत्रं नव्हतं तिथं, म्हणून सगळ्या हॉललाच बोलला, "माझ्याकडनं? आरं, ह्या माणसाचा पाट दर पाळीला माझ्या रानात फुटतोय! माझा ऊस ह्याच्या पान्यात कुजलाय!"

"मोजमाप तसं सांगत नाही, काका."

"लिवलंय तसं?"

"हो. दोन वर्षांचं आहे."

पलटणीतला माणूस. लेखी रिपोर्टपुढं तो कधी बोलला नाही. टोपी घातली आणि निघून गेला. शेजारचा एक जण माझ्या कानाशी लागला, "जिंकलास गड्या." मी मिशीवर हात फिरवला.

पुढच्याच आठवड्यात धाकट्याच्या रानात भट्टीवाला दोरी टाकून माप घेताना दिसला. मी बांधावर गेलो.

"काय चाललंय?"

"माती उचलायची हाय, आबा. दिवाळी झाली की मशीन लावतो. मीठ खाल्लेलं रान, ठेवून तरी काय करणार? तुमी काळजी करू नगा, बांधाकडनं दहा फूट सोडून खणतो."

दहा फूट. आमच्या शिवारात अशीच एक जागा आहे. तिथंही दहा फूट सोडले होते. दोन पावसाळ्यांत बांध खड्ड्यात गेला, मागनं शेजाऱ्याच्या सऱ्या गेल्या. आता तिथं हिरवं पाणी साठतं आणि म्हशी बसतात. मला एकदम त्या पोरीचा आजा आठवला. त्याला शेती येत नसंल, असं मी म्हणालो होतो.

धाकटा रानाच्या कडेला दगडावर पाठ करून बसला होता. त्या दिवशी तो कुत्र्यालाही काही बोलला नाही. सात-आठ वर्षांत पहिल्यांदा बांधापलीकडनं आवाज आला नाही. मी म्हशीला दोन शिव्या देऊन बघितल्या. तरी नाही.

घरी बायकोला म्हणालो, "खुळा झालाय. बाच्या रानाच्या इटा करतोय."

ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "इटा त्यो करत न्हाई. सोमवारी तांब्या घिऊन कोण जात हुतं?"

मी जेवलो नाही. रागानं नाही जेवलो, पस्तावून नव्हे. कुणावरचा राग, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

बाई शेवटचं एकदा येणार होती, नळ्या काढून न्यायला. त्या सोमवारी मी पंप घेतला नाही. रिकाम्या हातानं गेलो आणि म्हशीजवळ उभा राहिलो. बाई आली, गडी आले, धाकटा बांधापलीकडं उभा. गड्यानं नळीला हात घातला. आता बोलायचं. पण तोंडच वळेना. मी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला.

"म्हशी, ऐकतीस का? तुझा मालक लय हुशार हाय. दर सोमवारी ती नळी उपसतो, आन् वरनं नदीचं पानी वततो. दोन वरसं वततोय."

बांधापलीकडं धाकट्याची मान गर्रकन वळली. त्याला एका दमात सगळं कळलं. कुत्र्यालाही कळलं असेल. बाईला मात्र काही कळलं नाही.

"म्हैस आजारी आहे का, आजोबा?"

"आगं पोरी, मी तुलाच सांगतोय!"

"मला? मग माझ्याकडं बघून सांगा ना."

असं बघून सांगायची मला सवय नव्हती. बघितलं आणि सांगितलं. पंप, तांब्या, एक सरी आड पाणी, पाचट, हुमणी. पाचट पायानं बाजूला केलं आणि पांढरी माती दाखवली. तिनं आधी टेप सोडला. 'टप' लगेच वाजलं, हातभरावर. मग पेन बुडवलं. आकडा बघून ती खाली मातीतच बसली.

"म्हणून तो डिझेलचा वास," ती म्हणाली.

"व्हय."

"त्यावर मी अख्खं पान लिहिलंय. जमिनीत तेल कुठून आलं म्हणून."

धाकटा फिदकन हसला. बाई हसली नाही. उठली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुमच्या एका शेतामुळं माझं सगळं काम खोटं ठरलं. या काकांना मी गावासमोर दोषी धरलं. का केलंत?"

"लाल रंग लावणार हुतीस."

"लाल रंग म्हणजे शिक्षा नव्हती. लाल शेतालाच पाइप मिळणार होता!"

हे नळी पुरताना मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं. पण मी ते बोललो नाही. म्हणालो, "लेकरा, आता चूक झाली म्हण, आन् सोड."

"सोडायला मी तुमची नात नाही," ती म्हणाली. "आणि माझ्या आजोबांना शेती येत होती. त्यांच्या वेळी कुणी मोजायला आलं नाही, एवढंच."

मी बाजूला केलेलं पाचट पायानं परत मातीवर ओढलं. 

तेव्हा धाकटा बांधावर चढला. माझ्याकडं न बघता बाईला म्हणाला, "मॅडम, नळी काढू नगा. पुन्यांदा मोजा. मी भट्टीवाल्याला वरीसभर थांबवतो."

"पुन्हा मोजायचं तर पुन्हा ओतणार नाहीत कशावरून?"

"बंदोबस्त करा की."

आठ दिवसांनी तिनं बंदोबस्त आणला. नळीवर लोखंडी टोपण आणि त्याला कुलूप. माझ्या रानात, माझ्या पाचटात कुलूप. मी हात पुढं केला. तिनं चावी माझ्या हातावरनं पलीकडं नेली आणि बांधावर उभ्या असलेल्या धाकट्याला दिली. टेपही त्यालाच. दर सोमवारी त्यानं मोजून कळवायचं. पंचायतीतल्या नकाशावर माझ्या हिरव्या तुकड्यावर तिनं पांढरा कागद चिकटवला. त्यावर बारीक अक्षरात लिहिलंय, 'माहिती विश्वासार्ह नाही.' लाल परवडलं असतं. लाल रानं गावात पुष्कळ आहेत. विश्वासार्ह नाही असा मी एकटा.

वर्ष अजून पुरं व्हायचंय. आकडे खरे निघाले, तर आमची दोन्ही रानं वरच्या लाल पट्ट्याला जोडली जातील, असं ती म्हणते. तसं झालं तर पाइप येईल. नाही तर दिवाळीनंतर मशीन येईल, आणि मग बांध किती दिवस टिकतो ते बघायचं. पाट मी आता एरवी बंद ठेवतो. एक सरी आड पाणी देतो, तेही बेतानं. हे मी कुणाच्या सांगण्यावरनं करत नाही. माझीच पद्धत आहे, दोन पानं लिहून घेतलीय तिची.

सोमवारी धाकटा बांध ओलांडून येतो. वाटणी झाल्यापासून त्यानं माझ्या रानात पाय ठेवला नव्हता. बनियनच्या आत दोरीला चावी असते. टोपण उघडतो, टेप सोडतो, 'टप' ऐकतो. मग मोठ्यानं कुत्र्याला सांगतो, "वीतभर खाली गेलं रं. लिहून घे."

मी म्हशीला म्हणतो, "पाट बंद हाय म्हून गेलं म्हणावं."

"पाट बंद ठेवला म्हंजी कुणी उपकार केलं न्हाईत म्हणावं, कुत्र्या."

मग तो कुलूप लावतो. लावल्यावर ओढून बघतो. एकदा बघून भागत नाही त्याचं, दोनदा ओढतो. दर सोमवारी, माझ्या तोंडासमोर, दोनदा.